जपानी इंजिन आणि खंडेनवमीचा हार

या, अशा जवळ बसा. लांब बसलेल्या माणसाला काही सांगायला मला जमत नाही. आणि काय हो, दिवाळीला येते म्हणालात, आता होळी आली! पोलिसाला दिलेला शब्द असा मोडतात का? आमच्या वेळी असतात तर समन्स काढलं असतं तुमच्या नावाचं. बसा आता निवांत. ऐकायला आलात ना, मग मधेच घड्याळ बघायचं नाही.

ती केस मला अजून जशीच्या तशी आठवते. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही. त्यातल्या काहींची नातवंडं आज माझ्या पाया पडतात.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मी राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात शिपाई होते. शिक्षण सातवी. फिर्याद कशी लिहायची, पंच कसे निवडायचे, जबाब देणाऱ्याच्या तोंडापेक्षा हाताकडे कसं बघायचं, हे सगळं ठाण्यात बघून बघून शिकले. निवृत्त झाले तेव्हा खांद्यावर फौजदाराचे दोन तारे होते. हे मी मिरवायलाच सांगते. मिरवायचं नाही तर मिळवायचं कशाला?

तेव्हा ठाण्यात बाई म्हणून मी एकटीच. बायकांची झडती, हरवलेली पोरं आणि सणावाराची फुलं, एवढी कामं माझ्याकडे. जमादार मोठ्यांदा म्हणायचे, "बाई आल्यापासून ठाण्यातल्या तसबिरींना रोज हार मिळतो बघा. गुन्हे काय, आम्ही बघू." मी हसायची. मनात म्हणायची, बघा तुम्ही.

तर आमच्या गावात एक डॉक्टरबाई होत्या. त्यांचा छोटासा दवाखाना आणि एक काळी, जुनी मोटार. अडलेली बाळंतीण आली की ही गाडी तिला घेऊन नगरला पळायची. वाड्या-वस्त्यांवरच्या बायकांना ती गाडी आवाजावरून ओळखू यायची. एके दिवशी घाटात गाडीचं इंजिन जाम झालं. ब्लॉकलाच, म्हणजे इंजिनाच्या धडालाच, तडा गेला होता. नवीन इंजिन मागवलं तर कधी मिळेल कोण जाणे, अशी त्या काळची स्थिती.

गावात एक मिस्त्री होता. कर्जतकडून येऊन त्याने पत्र्याचं गॅरेज टाकलं होतं. तो डॉक्टरबाईंना म्हणाला, "मुंबईच्या भंगार बाजारात जपानी इंजिनं येतात. वापरलेली असतात, पण माल लई नामी. आणतो अन् बसवतो."

आणि खरंच घेऊन आला. पावती होती, ब्लॉकवर नंबर होता, सगळं कायदेशीर. रेल्वेने आलेलं ते धूड स्टेशनवरून बैलगाडीत घालून गॅरेजला आणलं. गाडीवान जवळच्याच वस्तीवरचा, तिशीतला शेतकरी. त्यानेच उतरवायला हात लावला.

आता दुसऱ्या देशाचं इंजिन आपल्या गाडीत एकदम कसं बसेल? खालचे आधार बदलायचे, गिअरबॉक्सला जुळवायला मधे जाड लोखंडी तबकडी घालायची, असली बरीच कामं होती. मिस्त्रीने एकदा ते गाडीत घालून मापं घेतली आणि परत काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. गंमत म्हणून जमिनीवरच चालू करून दाखवलं. अर्धा बाजार जमला. इंजिनावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला, तरी पाणी सांडेना. लोक तोंडात बोटं घालून उभे. मीही होते त्यात.

दोन-चार दिवसांनी सकाळी मिस्त्री ठाण्यात धावत आला. इंजिन गेलं होतं.

आम्ही घटनास्थळी गेलो. पुढचं कुलूप शाबूत. किल्ली एकच आणि ती मिस्त्रीच्या कमरेला. भिंतींचे पत्रे हाताने दाबून पाहिले, सगळे खिळे जागेवर. फौजदार साहेबांनी पंचनामा उरकला आणि मिस्त्रीकडे असं पाहिलं की मला पुढचं सगळं कळलं.

"कुलूप न तोडता इंजिन हवेतून उडालं का रे? जपानचं आहे म्हणून विमान झालं त्याचं?"

"साहेब, माझ्याच पोटावर मीच पाय देईन का?"

"दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकलंस. सांग कुणाला?"

रोज सकाळी त्याला ठाण्यात बोलवायचे, संध्याकाळी सोडायचे. गॅरेजला सील. गावात बोलणी सुरू झाली: बाहेरचा माणूस, बाळंतिणींच्या गाडीवर हात मारला. गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या ओढून दुसरीकडे घेऊन गेली. डॉक्टरबाई एकट्या ठाण्यात येऊन म्हणाल्या, "माझी फिर्याद चोरीची आहे, याच्याविरुद्ध नाही." साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि त्या गेल्यावर आम्हाला सांगितलं, "दसरा होऊ द्या. दुसऱ्या दिवशी याची अटक दाखवून कोर्टात उभा करू." एकदा बेड्या घालून बाजारातून नेलं की त्या माणसाला त्या गावात पुन्हा कुणी स्क्रू पिळायला दिला नसता. हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी जो तो आपल्या हत्याराची पूजा करतो, हे तुम्हाला सांगायला नको. ठाण्यातही बंदुका, काठ्या, बेड्या पुसून मांडायच्या, हळदीकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. मी सकाळी सतरंजी अंथरत होते. मिस्त्री नेहमीच्या बाकावर बसलेला. हळूच म्हणाला, "बाई, आज माझी हत्यारं तशीच पडली सीलच्या आत. खिशात एक पाना हाय. तेवढा ठिवता का तुमच्या बंदुकांत?"

मी तो पाना घेतला, पुसला आणि बंदुकांच्या ओळीत ठेवला. जमादार म्हणाले, "बाई, मुद्देमालाची पूजा करता का?"

"पान्याची करते," म्हटलं. "तुम्ही करा बेड्यांची."

आत कुठेतरी मला वाटलं, हा माणूस यंत्र विकून खाणारा नाही. पण नुसत्या वाटण्याने दोषारोपपत्र अडत नाही. पुरावा लागतो.

मग मला हार आणायला पाठवलं. बाजारात फुलवाली मावशी माझ्या ओळखीची. झेंडूच्या ढिगामागे बसलेली, हात चालू, तोंड त्याच्याहून चालू.

"थांब गं पोलिसीणबाई. आज लई घाई हाय. समद्यांना यंत्राचे हार पायजेत. आमच्या वस्तीवरली म्हातारी तर एवढा थोरला हार घेऊन गेली."

"कुणासाठी?"

"अगं तिच्या लेकाच्या यंत्राला म्हनं. मी म्हनलं, म्हातारे, तुझ्या हिरीवर अजून मोट हाय, यंत्र कुठलं आलं? तर म्हनती, 'हाय, आलंय. तू हार दे.' मोटंला कुनी एवढा हार घालतं व्हय? लेक बैलगाडीनं भाडी मारतो तिचा. यंत्र कवा घेतलं त्यानं?"

माझ्या हातातली टोपली तशीच राहिली. बैलगाडी! तोच गाडीवान, ज्याने इंजिन स्टेशनवरून आणलं होतं. त्याचा जबाबही आम्ही घेतला होता, इंजिन गॅरेजला पोचवल्याचा साक्षीदार म्हणून. गरीब चेहऱ्याचा माणूस. त्याच्यावर कुणी नजरसुद्धा टाकली नव्हती.

ठाण्यात येऊन साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "हार घेतला म्हणून झडती घ्यायची? कोर्टात काय झेंडू हजर करू?"

"झडतीला नाही जात साहेब. सणाचा दिवस आहे, म्हातारीच्या पाया पडून येते. पोलीस पाटलांना बरोबर घेते."

साहेब पेन फिरवत राहिले. "संध्याकाळच्या हजेरीला परत पाहिजे."

"इंजिन घेऊनच येते," म्हणाले मी. बोलून गेले खरी. पण शब्द गेला तो गेला.

वस्तीवर पोचलो तर अंगण सारवलेलं. ओट्यावर नांगर, कुऱ्हाड, विळे, खुरपी मांडलेली, सगळ्यांना हळदीकुंकू. मोटेच्या चाकालाही दोन फुलं. लेक मळ्यात गेला होता. पोलीस पाटलांना मी कुंपणाजवळ थांबवलं आणि एकटीच पुढे झाले. म्हातारी बाहेर आली, खाकी बघून जरा दबकली. मी वाकून नमस्कार केला तशी खुलली.

"बस गं लेकी. सरकारी मानूस आन् पाया पडतीस! गूळपानी घे."

गूळ तोंडात टाकला. "आजी, पूजा छान मांडली हो. पण तो थोरला हार दिसत नाही कुठं. मावशीकडनं घेतलेला."

"त्यो व्हय? त्यो यंत्राला घातला की."

"कुठं आहे यंत्र? मलाही दाखवा, हळदीकुंकू वाहते मी."

म्हातारीचा हात पदराकडे गेला. पदर दोनदा सारखा केला. मी म्हटलं ना, हाताकडे बघायचं असतं.

"पोरगं म्हनलंय कुनाला दावू नगं," ती हळू आवाजात म्हणाली. "भावकी जळती. सरकारकडनं मिळालंय त्येला, हिरीवर बसवायला. दिवाळीनंतर बसवनार हाय."

"मग लपवून ठेवलेल्या यंत्राची पूजा केलीत तुम्ही?"

"मग! घरात यंत्र आलं आन् खंडेनवमीला त्याला नारळ न्हाई? आसं कुठं आसतं व्हय? पोरगं नगंच म्हनत हुतं. म्या म्हनलं, तू जा मळ्यात, माझं मी बघती."

एवढं बोलून तिने माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं, मग कुंपणाशी उभ्या पोलीस पाटलांकडे. मग ती उठली आणि गोठ्याकडे चालू लागली. मला बोलावलं नाही, पण थांब असंही म्हणाली नाही.

गोठ्याच्या कोपऱ्यात कडब्याचा ढीग. बाजूला नारळाची करवंटी, ओली. म्हातारीने चार पेंढ्या सरकवल्या. आत ते जपानी इंजिन बसलं होतं, थोरला झेंडूचा हार घालून, माथ्यावर कुंकवाचा टिळा लावून. खरं सांगते, नवरदेवासारखं दिसत होतं.

मी पाटलांना आत बोलावलं, दोन पंच आणायला सांगितले, ठाण्यात निरोप धाडला. फौजदार साहेब जीपने आले तोवर लेकही मळ्यातून आला. जीप बघून पळाला नाही, दारातच मटकन बसला.

"का रे?" मी विचारलं.

"त्या दिशी चालू केलं तवा ऐकलं म्या ते, बाई. तांब्यातलं पानी हालंना. आमच्या मोटंच्या बैलाची मान सोलून रगात निघतंय. मोसंबीची झाडं माना टाकाय लागली. वाटलं, हे हिरीवर बसलं तर बैलबी वाचंल, बागबी वाचंल."

"बसवणार कसं होतास?"

"त्ये म्हाईत न्हवतं," तो म्हणाला. आमचे साहेबसुद्धा हसू दाबायला वळले.

"आत शिरलास कसा? कुलूप तर शाबूत होतं."

"मागचा पत्रा काडला. भावाच्या मदतीनं बाहीर घेतलं. मग पत्रा लावला आन् दगडानं खिळं ठोकलं परत."

"परत कशाला ठोकलेस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मीच वेडी. "उघडं टाकलं तर जनावरं शिरत्यात न्हवं आत!"

बघा. कुंपणाला भगदाड दिसलं की शेतकऱ्याचा हात आपोआप ते बुजवतो. त्या सवयीने मिस्त्री जवळजवळ तुरुंगात गेला होता.

म्हातारी पुढे आली आणि लेकाच्या पाठीत असा धपाटा घातला की बैल बिचकले. "चोरीच्या यंत्राला नारळ फोडाय लावलास मला? देवापुढं खोटं पाडलंस आईला?" मग पदर तोंडाला लावून रडली. शिवी नाही, शाप नाही. पण तो पोरगा आमच्या बेड्यांपुढे नाही, त्या वाक्यापुढे वाकला. जबाब एका दमात दिला.

पंचनाम्यात हारासकट इंजिन लिहिलं. साहेब म्हणाले, हार काढा. मी म्हटलं, "राहू द्या साहेब, पुरावा आहे. झेंडूसुद्धा कोर्टात चालतो." ते पहिल्यांदा मोकळे हसले. ज्या बैलगाडीतून ते चोरलं, त्याच बैलगाडीतून संध्याकाळच्या हजेरीच्या आधी इंजिन ठाण्यात आलं. जमादार फाटकात उभे होते. बाजूला होऊन वाट दिली.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी आख्खं गाव सीमोल्लंघन करून चौकात जमलं, सोनं देणं-घेणं चाललं होतं. मिस्त्री कडेला, भिंतीला टेकून उभा. कुणी त्याच्याकडे जावं की नाही, लोकांना कळेना. फौजदार साहेब पूर्ण गणवेशात गर्दी कापत सरळ त्याच्याकडे गेले, त्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, "मिस्त्री, सोनं घ्या. चूक आमची होती." फौजदाराने मिस्त्रीला 'घ्या' म्हटलेलं त्या चौकाने कधी ऐकलं नव्हतं. मग जी रीघ लागली! मिस्त्रीच्या दोन्ही मुठी पानांनी भरल्या, खाली सांडायला लागली. तो रडत होता आणि पानं गोळा करत होता. साहेब परत माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, उद्यापासून तुम्ही तपासाच्या कामावर."

कोर्टाच्या हुकमाने इंजिन डॉक्टरबाईंना परत मिळालं आणि मिस्त्रीने ते बसवलं. गाडी पुढे कित्येक वर्षं नगरच्या रस्त्यावर पळाली. गाडीवानाला आणि त्याच्या भावाला शिक्षा झाली, पण पहिलाच गुन्हा आणि माल जसाच्या तसा म्हणून थोडकी.

पुढे नव्या पोरी भरती झाल्या की मी त्यांना हीच केस सांगायची. कुणाच्या विहिरीवर मोट आहे, कुणाच्या घरी कोणता सण कसा होतो, बाजारात कोण काय जास्तीचं घेऊन गेलं, हे ठाऊक असणं म्हणजेच बंदोबस्त. माणूस वस्तू लपवील, जबाब पाठ करील, खिळेसुद्धा परत ठोकील. पण घरातली आई सणाला उपाशी ठेवायची नाही कुणाला, यंत्रालासुद्धा नाही. आणि फुलं आणायचं काम कुणी दिलं तर हलकं समजू नका. त्या दिवशी मी बंदूक घेऊन गेले असते, तर हात हलवत परत आले असते.

झालं बघा. चहा संपवा. पुढच्या वेळी लेकीलाही घेऊन या, तिला भरतीचा अर्ज भरायचाय म्हणत होतात ना? मला तिच्याशी बोलायचंय. आणि लवकर या हो. आता माझ्याकडे सवड भरपूर आहे, पण फार थांबायची सवय मात्र मला कधीच लागली नाही.