थैलीचं बटण

नेरच्या कापूस जिनिंग कंपनीत उर्वशी खोब्रागडेला नोकरी लागली ती देवरावांमुळे. देवराव गावंडे कंपनीचे डाकवाले. रोज सकाळी खाकी थैली खांद्याला अडकवून ते मुख्य कचेरीतून निघत. एसटीनं यवतमाळ, तिथून घाटंजीचं जिनिंग, पुढे केळापूरची डाळमिल, आणि दिवेलागणीला परत नेर. थैलीत कागद असत, पण निम्मं काम तोंडीच. कुणाची रजा मंजूर झाली, कोणती गाडी अडवून ठेवायची, कुणाच्या घरी कोण वारलं, हे सगळं देवराव सांगत आणि ऐकणाऱ्यानं मान हलवल्याशिवाय जागचे उठत नसत. कचेरीत जागा निघाली आहे, हा निरोपही त्यांनीच वाट वाकडी करून उर्वशीच्या आईला दिला होता. वडील गेलेले, पोरगी कॉम्प्युटर शिकून घरी बसलेली. त्या निरोपावर घर उभं राहिलं.

पुढे तिन्ही ठिकाणची कामं एका जागी दिसावीत, असं मालकांच्या मनात आलं. कंपनीतल्याच माणसांना उघडता येईल अशी आतली वेबसाइट हवी होती. अमरावतीचा एक विक्रेता चकचकीत माहितीपत्रक ठेवून गेला. मालक घनश्यामशेठनी ते उर्वशीपुढे सरकवलं.

"देख बेटी, हे विकतचं घेतलं तर दरसाल भरणा आहे. मग एक माणूस कमी करावा लागेल, आणि देवराव सगळ्यांत म्हातारा. तू फुकटवालं काही जमवलंस, तर मी कुणाला हात लावत नाही."

देवरावांच्या पत्नीचं, रुखमाबाईंचं, डायलिसिस यवतमाळला कंपनीच्या विम्यावर चालू होतं. नोकरी गेली की विमा गेला. डायलिसिस सुटलं की माणसाचं काय होतं, ते उर्वशीनं वडिलांच्या वेळी घरातच पाहिलं होतं. त्या दिवसापासून ती हात धुऊन कामाला लागली.

फुकट म्हणजे ओपन सोर्स. ठिकठिकाणच्या लोकांनी लिहून उघडं ठेवलेलं सॉफ्टवेअर, कुणीही घ्यावं, उसवावं, आपल्या मापानं पुन्हा शिवावं. एक दिसायला देखणं निघालं, पण त्यात मराठी जोडाक्षरं फुटत. दुसऱ्याला कचेरीतल्या जुन्या मशीनचं बळ पुरेना. तिसरं साधं होतं, कोपऱ्यातल्या धूळ खात पडलेल्या कॉम्प्युटरवरही चाललं. त्याची मराठी अर्धवट होती. ती आपण पुरी करू, म्हणून उर्वशीनं तेच धरलं.

कोणता कागद कुठून कुठे जातो, हे देवरावांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. फेरी संपली की ते तिच्या शेजारी स्टूल ओढून बसत.

"काहून वं पोरी, मशीनले समदं सांगाच लागते का?"

"सांगावंच लागतं काका. घाटंजीला आधी कुणाकडे जाता?"

"वजनकाट्यावर. मॅनेजरकडं आधी नेला, का तो कागद बुडाखाली घेऊन बसते."

उर्वशी हसत हसत टाइप करी.

"अन् हे बी लिव्ह. वाईट निरोप असला, का आधी चहा पाजाव, मंग सांगाव. उपाशीपोटी सांगू नाही."

"हे मशीनला कसं शिकवू?"

"मंग कच्चं हाय तुयं मशीन!"

निरोपांच्या बटणाला तिनं 'थैली' हे नाव दिलं. निरोप कुणी वाचला, त्याचं नाव खाली आपोआप उमटे. देवरावांनाही ती खातं उघडून देत होती, पण ते म्हणाले, "मले कायले? म्या इथंच असतो ना."

थैली तिन्ही ठिकाणी झपाट्यानं रुळली. शेठ खूश झाले आणि एका दुपारी त्यांनी उर्वशीला आत बोलावलं.

"आता देवराव काय नेतो गं बसमधून?"

"शेठजी, तुम्ही शब्द दिला होता."

"तेव्हा त्याला काम होतं, बेटी. आता तूच सांग, कुठलं काम देऊ?"

तिनं विम्याचं काढलं. निदान रुखमाबाईंपुरता तरी चालू ठेवा, म्हणाली. शेठनी हात पसरले. "नोकर नाही त्याचा विमा कसा भरू? या महिन्याअखेर त्याची नोकरी बंद, विमाही बंद. तुझ्या त्या थैलीतच टाकून दे, सगळ्यांना एकदम कळेल."

उर्वशीनं ते टाइप केलं. संध्याकाळपर्यंत नोटिशीखाली एकेक करून सगळी नावं उमटली. नेर, घाटंजी, केळापूर. चकार शब्द मात्र कुणी काढला नाही. त्या कंपनीत निरोप सांगणं हे देवरावांचं काम होतं. देवरावांना निरोप सांगणं हे कुणाचंच काम नव्हतं. उर्वशीला वाटलं शेठ बोलावून सांगतील, शेठना वाटलं घाटंजीचा मॅनेजर सांगेल, आणि मॅनेजरला वाटलं, उर्वशी त्यांना पोरीसारखी आहे, तिनं सांगितलंच असेल.

सकाळी देवराव नेहमीसारखे आले. "आज काहीच नाही का वं?"

"नाही काका."

तिचं तोंड उघडलं होतं. पण त्यांनी रिकामी थैली खांद्यावर टाकली आणि "मायी बस सुटन" म्हणत ते फाटकाबाहेर पडले. दिवसभर तिच्या हातून एक काम धड झालं नाही.

दिवे लागले तेव्हा ते परतले आणि स्टुलावर टेकले.

"आज काय झालं वं साऱ्याइले? घाटंजीवाल्यानं चहा पाजला, केळापूरवाल्यानं बी पाजला, अन् पुढं कोणं काही बोललंच नाही. डाळमिलचा धरमसिंग चौकीदार तं मले बिस्किटचा पुडा देऊन तोंड फिरवून उभा राह्यला. कोणाच्या घरी मयत झाली का? पाह्य बरं तुया थैलीत."

उर्वशी उठली. कोपऱ्यातल्या थर्मासमधून तिनं कपात चहा ओतला आणि तो त्यांच्यापुढे ठेवला.

देवरावांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. खांद्यावरची थैली काढून त्यांनी मांडीवर घेतली, तिचा पट्टा बोटाला गुंडाळला, पुन्हा सोडला. कपाला हात लावला नाही.

"रुखमीचं डायलिसिस बुधवारी हाय," ते म्हणाले. "हा बुधवार तं भेटन ना?"