कॉफीच्या डब्यातले तांदूळ

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आमच्या अपार्टमेंटमध्ये समोरच्या दारी एक बाई राहायची. बांगलादेशातल्या चितगावच्या डोंगरातली, बॉम जमातीची. नवरा पाद्री व्हायला शिकत होता आणि ती नर्सिंग होममध्ये कपडे धुवायची. तिचं बंगाली, माझं हिंदी आणि दोघींचं मोडकंतोडकं इंग्रजी, यावर आमचं भागायचं. मी नागपूरची, तोंडाची तिखट. ती एका वाक्याला दहा मिनिटं घेणारी. तरी आमचं जमलं. मला दीदी म्हणायची.

पहिल्यांदा तिने जेवायला बोलावलं, तेव्हा मी ओट्यापाशीच उभी होते. तिने तांदूळ मोजून पातेल्यात घेतले आणि धुवायच्या आधी त्यातलीच एक मूठ उचलून कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकली. तेही पाहुणी समोर असताना. घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "चिक्कू आहे हो बाई. वाढायच्या आधीच काढून घेते."

पुढे दोनतीनदा तेच पाहिलं, मग माझ्याच्याने राहवेना. विचारलंच. ती म्हणाली, भात शिजवताना दर वेळी एक मूठ देवाची. गावात बायका रविवारी घरोघरचे तांदूळ गोळा करून चर्चला नेतात. पूर्वी त्यांच्याकडे डोंगरातल्या, झऱ्यातल्या देवतांना कोंबडं देत. आजोबांच्या वेळी घरातले सगळे ख्रिस्ती झाले, तेव्हापासून ही मूठ. घरात कमी असलं तरी ती चुकत नाही.

"आणि इथे गोळा करायला कोण येतं?"

"कुणी नाही. लागतील कुणालातरी."

"तुझा देव डायटवर दिसतोय," मी म्हटलं. तीही हसली. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्याच हिवाळ्यात एका मंगळवारी सकाळी भावाचा फोन आला, बाबा गेले. मला आठवा महिना सरत आलेला, विमानात कोण बसू देणार? हे ऑफिसच्या कामाला ओहायोला गेलेले आणि बर्फामुळे उद्यापर्यंत तिथेच अडकलेले. ओळखीची तीन मराठी घरं होती, तिन्हीकडे फोन केले. सगळे हळहळले आणि सगळे म्हणाले, "वीकेंडला येतो गं, आज वर्किंग डे आहे ना." त्यांचंही खोटं नव्हतं. पण आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी कडू घास आणतात. पिठलंभात, एवढंच. पोटातल्या जिवासाठी मला खायला तर हवं होतं. आज बाबा गेले आणि आजच आपल्या हाताने गॅस पेटवायचा, या विचाराने मी ढसाढसा रडत होते.

ती कामावर निघाली होती. आवाज ऐकून तिने दार वाजवलं. मी नुसतं "बाबा" म्हटलं. ती परत घरात गेली, कामावर फोन करून आली आणि माझ्याजवळ सतरंजीवर बसली.

"तुझी ड्यूटी?"

"मरण झालं की आमच्या गावात कुणी शेतावर जात नाही," ती म्हणाली.

समजावणं नाही, की 'रडू नकोस' नाही. मधूनच हळू आवाजात त्यांच्या भाषेतली प्रार्थनेची गाणी म्हणायची. मला एक अक्षर कळत नव्हतं. तरी ती बसली होती म्हणून मला धड रडता आलं.

दुपारी ती उठून गेली आणि मऊ भात, उकडलेली मोहरीची पालेभाजी घेऊन आली. कडू घासाचं मी तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "इथे सुतक आहे गं. या घरात तू जेवू नयेस."

"हे तुझ्या घरचं नाही," ती म्हणाली. "माझ्याही घरचं नाही. डब्यातलं आहे."

मग आम्ही दोघी जेवलो. सुतक किती दिवस, तिने विचारलं. लेकीला तीन दिवस, मी म्हटलं. तिन्ही दिवस माझा गॅस पेटला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे आले. दारातूनच त्यांनी विचारलं, "काल काही खाल्लंस का?"

"खाल्लं," मी म्हटलं. "त्या चिक्कूने आणलं."