काचेवरचं आळं

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होतो. उरलेल्या दोन तपासल्या, मग उठलो. असं का केलं, माहीत नाही...

अण्णा माझा थोरला भाऊ. रत्नागिरीत माशांसाठी काचेच्या टाक्या बनवायचा. पाइपासाठी टाकीला भोक पाडावं तर त्यानेच. चिपळूण-राजापुराहून लोक टाक्या घेऊन यायचे. टाकी आडवी करून खुणेभोवती तो चिकणमातीचं गोल कडं करायचा, माडाला करतात तसं आळं. त्यात पाणी ओतायचा आणि मग ड्रिल टेकवायचा. काच तापली की तडकते. मी ड्रिल हातात घेतलं की म्हणायचा, "दाबतोस कशाला रे मेल्या? काच काय पळून जातेय?"

तो दहावी सोडून काचेच्या दुकानात लागला, म्हणून मी बी.एस्सी. झालो. घरातला पहिला पदवीधर. त्याचा अभिमान आहे मला, लपवत नाही.

एकदा भाट्याच्या एका हॉटेलवाल्याने मोठी टाकी आणली. तळाची काच टफन्ड असली तर भोक पडत नाही, अख्खी फुटते. अण्णा म्हणाला, "बनवणाऱ्याला फोन करून विचारतो."

"विचारायचंय काय? फिजिक्स शिकलोय मी. साधी आहे."

"बरं. साहेब म्हणतायत तर साधीच."

ड्रिल टेकलं आणि तळाचा खडीसाखरेसारखा चुरा झाला. हॉटेलवाला आला तेव्हा अण्णाच पुढे झाला. "चूक माझी. विचारायला हवं होतं." मी मागे उभा होतो, पदवीसकट गप्प. अण्णाने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मीही नाही.

बाराव्याला तोच हॉटेलवाला येऊन बसला. म्हणाला, "सोन्याचा हात हो. आयुष्यात एकदाच चुकला." मी मान हलवली. तेव्हाही... म्हणून आता छापून सांगतो. अण्णा त्या दिवशी चुकला नव्हता. ती काच माझ्यामुळे फुटली.

शेवटच्या सकाळी त्याने एका टाकीवर आळं केलं, पाणी भरलं आणि छातीत कळ आली म्हणून खाली बसला. टाकी तशीच आहे. आळ्यावर त्याच्या अंगठ्याचे ठसे आहेत. माती सुकली की भेगा पडतात. म्हणून शाळेला निघताना मी त्यात वाटीभर पाणी घालतो, हळू, ठशांवर पडणार नाही असं.