पत्त्याची वीस अक्षरं

आमच्या रक्तपेढीतला संगणक मी सांभाळते. रक्तदात्यांची माहिती दाखवणारा प्रोग्राम बंद पडला, तेव्हा काही महिने काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करूनच नोंदी काढाव्या लागत. एका माणसाची ओळ इतकी लांब, की चार ठिकाणी मोडायची आणि एकाचा फोन दुसऱ्याच्या नावाखाली दिसायचा. सगळा दोष पत्त्यांचा. आमच्याकडे लोक पत्ता लिहीत नाहीत, वाट सांगतात: तालमीच्या मागं, गिरणीवरनं डावीकडं.

म्हणून मी एक छोटी आज्ञा तयार केली. 'यादी' टाइप केलं की नाव, गट, फोन आणि पत्त्याची पहिली वीस अक्षरं. एका ओळीत एक माणूस. सगळे खूश, मीही.

मग एका दुपारी बाळंतिणीसाठी अतिदुर्मीळ गटाचं रक्त हवं होतं. रक्तस्राव थांबत नव्हता. त्या गटाचा दाता एकच. फोन बंद. पत्ता: 'हुपरी, चांदी कारखाना'. गाडी पाठवली.

हुपरीतून ड्रायव्हरचा फोन आला. "म्याडम, हितं चांदीचा कारखाना नसल्यालं घर सांगा, ते लवकर घावंल!"

"नाव विचारा की."

"त्या नावाचं तिघं भेटलं. तिघं बी आपलं न्हवं."

बाळंतिणीचा नवरा काउंटर धरून उभा होता. "घावला काय, ताई?" दर दोन मिनिटांनी तेच. मी त्या दात्याला मनात शिव्या देत होते. असला पत्ता लिहितात?

पाऊण तास गेला. चिडून यादी खाली सरकवली, तर एक पत्ता दिसला: 'जयसिंगपूर, बस स्टँडच'. असा अर्धा शब्द कोणी लिहीत नाही. मी तोडलं होतं. हुपरीचा पत्ताही मीच तोडला होता, फक्त शब्द पुरा झाल्यावर तुटल्यामुळे कळलं नव्हतं.

पूर्ण ओळ काढली. कारखान्यापुढं होतं: 'मारुतीच्या देवळासमोर, निळं दार, माडीवर.' दाता दहा मिनिटांत गाडीत बसला. रक्त पोहोचलं, बाई वाचली. पण डॉक्टरांना तोवर थांबता आलं नव्हतं. गर्भाशय काढावं लागलं. पहिलंच बाळंतपण, आणि मूलही राहिलं नाही.

आता तोडलेल्या पत्त्यापुढं तीन टिंबं येतात. तो बदल मी त्याच संध्याकाळी केला.

पंधरा दिवसांनी नवरा आला. "ताई, तुम्ही हुतासा म्हणून जगली."

पाऊण तासाचं तोंडापर्यंत आलं होतं. मी खुर्ची पुढं केली आणि विचारलं, "कशी आहे ती?"

"बोलत न्हाय," तो म्हणाला.