बिनकॅमेऱ्याची तालीम

“लग्न आज लावायचं. उद्या फक्त बटण दाबायचं!” असं म्हणत भाऊ हातात अंतरपाटाची चादर घेऊन दारात उभे राहिले की मी ओळखायचो, आज आपलं वॉचमनशी लग्न आहे.

हसू नका. भाऊ म्हणजे ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीतले लग्नाचे फोटोग्राफर, मूळचे साताऱ्याकडचे. कुठलीही ऑर्डर असो, आदल्या दिवशी खाली पार्किंगमध्ये ते अख्खं लग्न लावून बघायचे. उजेड कुठून येणार, अंतरपाट सरकताना आपण कुठे असायचं, सगळं. उंचीमुळे नवरदेव मी. नवरी वॉचमन, कारण तो हमखास जागेवर सापडायचा. भरघोस मिश्या, डोक्यावर ओढणी, आणि लाजायचाही अगदी मनापासून! भाऊ “सावधान!” ओरडले की आम्ही एकमेकांना टॉवेलचे हार घालायचे. शेवटी सेक्रेटरींनी नोटीस लावली, ‘पार्किंगमध्ये विवाह लावू नयेत.’ माझी बायको म्हणायची, “जोडा शोभतो हो तुमचा.”

मग भाऊंच्या लेकीचं लग्न ठरलं. सासर उरणचं. आणि भाऊंच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, ठणकावलं, “कॅमेऱ्याला हात लावलात तर मी मांडवात पाऊल टाकणार नाय. पोरीला तिथं बाप पायजे.”

बाईंचं काय चुकलं? त्यांच्या लग्नातला फोटो मी पाहिलाय. वहिनी हार घेऊन नवऱ्याकडे बघतायत आणि नवरदेव मान वळवून फोटोग्राफरला फ्लॅश कुठे धरायचा ते दाखवतोय. इतक्या वर्षांनीही तो फोटो निघाला की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या.

दुसरा फोटोग्राफर ठरला आणि भाऊंनी तालीम लावली, फोटो न काढण्याची! “सावधान” झालं की त्यांचे हात आपोआप डोळ्याकडे जात. म्हणून मी त्यांच्या हातात नारळ दिला. पुन्हा “सावधान” म्हटलं, तर नारळ थेट डोळ्याला! वॉचमन ओढणीत तोंड खुपसून हसत सुटला.

भाऊ हसले नाहीत. “जमत नाय हो मला,” ते म्हणाले. “पोरगी समोर असंल आणि मी उजेडच बघत बसंन.”

लग्नात मात्र त्यांनी हात वर केले नाहीत. वहिनी खूश होत्या. फक्त उरणच्या व्याह्यांनी मला बाजूला घेऊन त्यांच्या बोलीत विचारलं, “यांच्या डोल्याला काय झालाय काय?”

अल्बम आला तेव्हा उलगडा झाला. कन्यादान असो, सप्तपदी असो, पंगत असो, प्रत्येक फोटोत भाऊंचा डावा डोळा घट्ट मिटलेला!

“अगं बाई!” वहिनींनी कपाळावर हात मारला. “अख्ख्या वऱ्हाडाला डोळा मारत फिरलाय हा माणूस!”

शेवटचा फोटो पाठवणीचा. लेकीने गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढलाय, तो भाऊंनी दोन्ही हातांनी धरलाय. इथे मात्र दोन्ही डोळे उघडे, नाक वाहतंय, तोंड वेडंवाकडं. फोटो हललेलाही आहे. असा फोटो भाऊंनी गिऱ्हाइकाला कधीच दिला नसता.

वहिनींनी तोच मोठा करून घेतला.

आता भाऊ आणि वहिनी गावी राहायला गेले. सामान टेम्पोत चढत होतं, पण तेवढी एक फ्रेम वहिनींनी कुणाच्या हातात दिली नाही. मांडीवर घेऊन बसल्या, आणि टेम्पो सुटला.