धरतीआईच्या वाटणीचं पाणी

छपरावरून धरून ठेवलेलं पावसाचं शेवटचं पाणी सतुर्निनाने प्यायला ठेवलं नाही, वाळू धुण्यात घालवलं. ओढ्यावर वाळू धुण्यात अर्थ नव्हता. वरच्या डोंगरात खाण सुरू झाल्यापासून ओढाच तांबडा वाहत होता. त्यात शिजवलेले बटाटे काळे पडत, अल्पाकांची पिल्लं पाणी हुंगून मागे सरत.

हा सगळा खटाटोप लेकीसाठी, नेलिदासाठी. सात वर्षांची पोर पाचाची दिसायची. सारखं पोट दुखायचं, शाळेत शिकवलेलं घरी येईपर्यंत विसरायची. आरोग्य केंद्रातल्या नर्सने तिचं रक्त तपासायला राजधानीत, लिमाला पाठवलं. पाच महिन्यांनी कागद आला, रक्तात शिसं निघालं. ओढ्याचं पाणी देऊ नकोस, नर्स म्हणाली. मग कुठलं देऊ, ते तिने सांगितलं नाही. यानाकाका नावाच्या कड्याखालचा झरा चांगला होता, पण जाऊन यायला पाच तास लागत. त्या झऱ्यावरून गावात नळ आणावा, खर्च खाणीने करावा, ही मागणी गावाने कधीची लावून धरली होती. पुढच्या गावसभेत निकाल लागायचा होता. तोवर पोरीला पाजायचं काय?

नेलिदाच्या शाळेच्या पुस्तकात एक चित्र होतं. त्याबरहुकूम सतुर्निनाने प्लास्टिकच्या कॅनचा तळ कापला, कॅन उलटा टांगला, तोंडाशी जुन्या घागऱ्याचं फडकं बांधलं. त्यावर निलगिरीचा कुटलेला कोळसा, मग धुतलेली वाळू, सगळ्यात वर खडे. दोन दिवस खालच्या मडक्यात राखाडी पाणी ठिबकलं. तिसऱ्या दिवशी पेला उचलला, तर पलीकडून स्वतःची बोटं दिसली. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी तिला जेवण गोड लागलं.

नेलिदाची धर्ममाता इलारिया शेजारीच राहायची; त्या नात्याने दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. ती वाकून बघत म्हणाली, "काय गं कोमाद्रे, ओढ्याला न्हाऊ-माखू घातलंस की काय?" मग तीही एक कॅन घेऊन आली. आठवडाभरात निम्मं गाव येऊन बघून गेलं.

ही गाळणी शिसं अडवते का, असं एकदा नर्सला विचारावं, हे सतुर्निनाच्या मनात रोज यायचं. पण केंद्राच्या वाटेला तिचे पाय वळत नव्हते. उत्तर काय येईल याची धास्ती होती.

मग एक दिवस खाणीचा इंजिनियर साल्वातिएरा दारात उभा राहिला. तिपाईवर ऐसपैस बसला, कॅनभोवती फिरला. शिकल्यासवरल्यांना जमलं नाही ते तू केलंस ममिता, माउली, म्हणाला. गावसभेत हे घेऊन ये, सगळ्यांना कळू दे. सतुर्निनाचं कौतुक असं कोणी कधी केलं नव्हतं. ती हो म्हणून बसली.

गावसभेत बायका एका बाजूला जमिनीवर बसत आणि सहसा बोलत नसत. त्या दिवशी सतुर्निना उभी राहिली.

"आधी तांबडं होतं," ती म्हणाली. "आता काचेसारखं आहे. माझी पोर हेच पिते."

गावप्रमुख ताय्ता एलेउतेरियोने ते शब्द वहीत उतरवून घेतले. तिने सही केली.

मग तिने सोबत आणलेल्या गाळलेल्या पाण्याने पेला भरला. गावची रीत अशी, की ज्याने भरला त्याने आधी प्यायचं, पिण्याआधी धरतीआईसाठी चार थेंब जमिनीवर सोडायचे, मग तोच पेला भरून समोरच्याला द्यायचा. नको म्हणणं म्हणजे सगळ्या गावाचा अपमान. ती प्यायली, पेला पुन्हा भरला आणि इंजिनियरसमोर धरला.

साल्वातिएराने डोक्यावरची टोपी काढली. गावच्या केचुआ भाषेत, मोडकंतोडकं, धरतीआईचं नाव घेतलं आणि पेला तिरका केला. चार थेंब नाही, सगळं पाणी, सावकाश, शेवटपर्यंत. रिकामा पेला त्याने हसत परत दिला.

 म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेरच्या माणसाने धरतीला एवढा मान आजवर दिला नव्हता.

"आई, त्याने सगळंच ओतलं," नेलिदा म्हणाली.

सतुर्निनाने तिचा हात दाबला आणि तिला गप्प केलं.

सभेत ठरलं की नळाची आता गरज नाही. खाण प्रत्येक घराला असा एक कॅन देईल, वाळू-कोळशासकट.

दुसऱ्याच दिवशी सतुर्निना आरोग्य केंद्रात गेली. गाळ आणि रंग अडतो, नर्सने सांगितलं, पण पाण्यात विरघळलेलं शिसं यातून आरपार जातं. तिथून ती तडक एलेउतेरियोकडे गेली. तो वाईट माणूस नव्हता, त्याची नातवंडंही तेच पाणी पीत होती. त्याने वही उघडून तिच्यापुढे सरकवली.

"हे शब्द कुणाचे, बाई?" त्याने विचारलं. "खाली सही कुणाची?"

आता इचुपाता गावात घरोघरी अंगणात निळा कॅन आहे. प्रत्येकावर सतुर्निनाचं चित्र, हातात काचेसारख्या पाण्याचा पेला, चेहऱ्यावर हसू. ती स्वतः उजाडताच पाठीला रिकामा डबा बांधून यानाकाकाची वाट धरते. सुरुवातीला ती भेटेल त्याला खरं काय ते सांगायची. लोकांना वाटलं, हिला खाणीकडून आणखी काही उकळायचं असेल. इलारिया तर चारचौघांत म्हणाली, "गावाला ओढा पाजला गाळून, आणि राणीसाहेबांना झरा लागतो." सतुर्निना आता कोणाला काही सांगत नाही.

दुपारी ती डबा उतरवते आणि नेलिदाला पेला भरून देते. पोर पिण्याआधी वाकून पेला जमिनीकडे तिरका करते. सतुर्निना तिचं मनगट धरते.

"दोनच थेंब."

"त्या साहेबाने तर अख्खा पेला दिला होता."

शाळेतलं काही तिच्या लक्षात राहत नाही. हे मात्र राहिलं.