डोंगराच्या अंगावरची रेघ

बॉथेल या अमेरिकन गावातल्या ऑफिसात बसून मी दूरच्या अलास्काचे नकाशे करतो. विमानातून सोडलेले लेझरचे किरण जमिनीला लागून परत येतात, त्यावरून उंची कळते आणि समान उंचीच्या रेषा काढता येतात. बायको म्हणते, "न पाहिलेल्या डोंगरांचे नकाशे काढतोस, आणि मॉलच्या पार्किंगमध्ये आपली गाडी सापडत नाही तुला."

गेल्या वर्षी एका निर्मनुष्य खोऱ्याचं काम आलं. कधीकाळी तिथे सोनं शोधणाऱ्यांची वस्ती होती. एका उतारावर मला बारीक पायरीसारखी रेघ दिसली. विमानाच्या दोन फेऱ्यांची मोजणी नीट जुळली नाही की सांध्यावर अशी खोटी पायरी उमटते. आम्ही ती सपाट करून टाकतो. मीही केली, सवयीने, चहा पिता पिता.

घरी जाताना मात्र ती डोक्यातून जाईना. फेऱ्यांचा सांधा सरळ असतो. ही रेघ डोंगराच्या प्रत्येक घडीबरोबर आत-बाहेर वळत, अगदी हळूहळू उतरत होती. पाण्याचा पाट तसा जातो.

सकाळी ऑफिसात मी सांगून टाकलं की ती रेघ खरी असावी, मी चुकून पुसली. शेजारी बसणारा पुण्याचा सहकारी वैतागला. "शुक्रवारी डिलिव्हरी आहे, यार. तिथे अस्वलांशिवाय कोण बघणार आहे?"

"मी पुसलंय, मीच परत काढतो."

"आणि सांधाच निघाला तर?"

"तर उशीर कुणामुळे झाला म्हणून सगळ्यांना माझं नाव सांग."

शुक्रवार हुकला. बॉसने उन्हाळ्यात उंची तपासायला जाणाऱ्या तुकडीबरोबर मलाच पाठवलं. म्हणाला, जा आणि दाखव.

हेलिकॉप्टरने सोडलं त्या उतारावर कमरेएवढी झुडपं होती. ती बाजूला सारून मी पाऊल टाकलं आणि गुडघाभर खाली गेलो. शेवाळाने भरलेला पाट होता, माणसांनी खणलेला. सोनं धुवायला पाणी हवं म्हणून त्यांनी गोठलेल्या मातीत फावडी चालवली होती. मी पाटातून चालत राहिलो. नकाशावर रेघ जिथे वळत होती, तिथे पाट वळला. एवढा अभिमान मला पदवी घेतानाही वाटला नव्हता.

पाठोपाठ लाजही वाटली. अशा किती रेघा मी आजवर पुसल्या असतील? परतल्यावर मी बॉसकडे आसपासच्या खोऱ्यांचे आधी दिलेले नकाशे पुन्हा तपासायला मागितले.

"कुणी तक्रार केलीय?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने ते उघडून दिले. सध्या माझे शनिवार त्यातच जातात. आणखी दोन पाट सापडलेत.